हिमोफिलिया: घराण्यातून येणारा रक्तस्रावाचा आजार, आणि गोव्यातल्या घरांतून विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या रिपोर्टवर ‘हिमोफिलिया’ लिहून आलं की घरात सगळेच एकदम बोलायला लागतात. कोणी देवळात कौल लावायला सांगतं, कोणी सुनेच्या माहेरचा इतिहास काढतं, कोणी गावठी औषध सुचवतं. त्या गडबडीत जे प्रश्न खरोखर विचारले जातात ते इथे घेतले आहेत. ओळीने वाचायची गरज नाही. मुलाचा सांधा आत्ता दुखत असेल तर आधी हॉस्पिटल गाठा, वाचणं नंतर.

हिमोफिलिया म्हणजे नेमकं काय?

रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन जन्मापासूनच कमी असणं किंवा जवळजवळ नसणं. या प्रथिनांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांना आकड्यांची नावं आहेत. फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए, फॅक्टर ९ कमी असेल तर हिमोफिलिया बी. ए प्रकार साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो, बी त्याहून बराच दुर्मीळ.

खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, बांध फुटला की लोक आधी हाताला लागेल तो चिखल टाकून पाणी अडवतात, आणि मग काठ्या, पेंढा, दगड घालून तो पक्का करतात. जखमेवरही असंच दोन टप्प्यांत काम होतं. प्लेटलेट्स धावत येऊन भोक बुजवतात. मग एकेक फॅक्टर पुढच्याला जागं करत जातो आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी विणली जाते. हिमोफिलियात पहिला टप्पा ठीक असतो, दुसरा कच्चा राहतो. म्हणून साधं खरचटलं तर रक्त बहुधा थांबतं, आणि घरच्यांना वाटतं, काही नाही याला. पण दात काढल्यावर थांबलेलं रक्त काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं.

म्हणजे छोट्या जखमेतून सगळं रक्त वाहून माणूस मरत नाही?

नाही. हिमोफिलियात रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. खरा घात होतो तो आत: गुडघ्यात, घोट्यात, कोपरात, स्नायूंत, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे डोक्यात.

रिपोर्टवर ‘तीव्र’, ‘मध्यम’, ‘सौम्य’ असं असतं. त्याचा अर्थ?

फॅक्टरची पातळी १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. तीव्र प्रकारात काही लागलेलं नसतानाही सांध्यात रक्त उतरतं. मध्यम प्रकारात बहुधा थोडा तरी मार लागलेला असतो. सौम्य प्रकार कित्येकदा ऑपरेशन किंवा अपघात होईपर्यंत कळतच नाही. चाळिशीत दाढ काढायला गेल्यावर निदान झालेली माणसं आहेत. ही पातळी सहसा जन्मभर तीच राहते आणि एकाच घरातल्या रुग्णांची बहुधा सारखी असते. त्यामुळे मामाला सौम्य असेल तर भाच्यालाही सौम्यच असण्याची शक्यता मोठी.

एका रिपोर्टवर ‘ख्रिसमस डिसीज’ लिहिलंय. हे वेगळं काही आहे का?

तो हिमोफिलिया बी. १९५२ साली ज्या मुलामध्ये तो वेगळा ओळखला गेला त्याचं आडनाव ख्रिसमस होतं. नाताळाशी त्याचा संबंध नाही.

आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता. मग आला कुठून?

साधारण तीन रुग्णांतल्या एकाच्या घरात आधीचा एकही रुग्ण सापडत नाही. जनुकात नवा बदल होतो आणि आजार त्या घरात तिथून सुरू होतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या आधीही तिच्या घराण्यात याची नोंद नाही. तिचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडण्याचं निमित्त होऊन गेला, आणि तिच्या मुलींमार्फत हा आजार रशियाच्या राजपुत्र अलेक्सीपर्यंत पोचला. २००९ मध्ये रशियन राजघराण्याच्या अवशेषांची तपासणी झाली तेव्हा तो बी प्रकार होता हे सिद्ध झालं.

दुसरी शक्यता अशी की आजार घरात होता, पण झाकलेला. तीन पिढ्या मुलीच जन्मल्या तर कुणालाच पत्ता लागत नाही. किंवा ‘लहानपणीच गेला’ एवढंच ज्याच्याबद्दल सांगितलं जातं असा एखादा मामा, आजीचा भाऊ असतो. आजीला शांतपणे विचारून बघा: सुंता केल्यावर, दात पडताना, झाडावरून पडून कुणाचं रक्त थांबलं नव्हतं का? ती उत्तरं डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

आईकडून येतो म्हणतात. म्हणजे आईच्या घराण्याचा दोष?

हा प्रश्न सासरच्या माणसांकडून येतो आणि बहुतेक वेळा आई समोर बसलेली असताना. म्हणून उत्तर सविस्तर.

फॅक्टर ८ आणि ९ या दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. आईच्या एका एक्सवर बिघाड असेल तर दुसरा एक्स काम भागवून नेतो. ती ‘वाहक’ असते आणि बहुधा तिला काही जाणवत नाही. मुलाला आईकडून एकच एक्स मिळतो. बिघडलेला मिळाला तर मदतीला दुसरा नाही. म्हणून वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता अर्धी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही अर्धीच. ‘पहिल्याला झाला, आता दुसरा बरा निघेल’ हा हिशेब चुकीचा. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्याने पडते. एका घरात तिन्ही मुलगे निरोगी, दुसऱ्या घरात दोन्ही आजारी, असं होऊ शकतं.

आता दोषाचं. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत जनुकाचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. ही उलटापालट जवळजवळ नेहमी पुरुषाच्या बीजपेशीत घडते, म्हणजे बहुतेक वेळा मुलाच्या आईच्या वडिलांकडून ती आलेली असते. बाईला ती तिच्या बापाकडून मिळते, नकळत, आणि तिच्याकडून मुलाला. यात कुणी काही केलेलं नाही, कुणी काही लपवलेलं नाही. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहण पाहिलं का, याचा तर काडीचाही संबंध नाही.

वडिलांना हिमोफिलिया असेल तर?

बाप मुलग्याला वाय देतो, एक्स देत नाही. म्हणून त्याचा हिमोफिलिया मुलग्याकडे जात नाही. मात्र त्याच्या सगळ्या मुली वाहक असतात. त्यात अर्धी-पाव शक्यता नाही, सगळ्याच. लग्न जमवताना ही गोष्ट दोन्ही घरांना माहीत असलेली बरी. लपवून केलेल्या लग्नाचं ओझं शेवटी त्या मुलीवर येतं.

मुलींना होत नाही ना?

हा गैरसमज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. वाहक बाईच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, आणि कुठला चालू राहील हे नशिबावर. काहींच्यात बिघडलेलाच जास्त ठिकाणी चालू राहतो आणि फॅक्टर ४० टक्क्यांच्या खाली जातं. आता अशा बाईला नुसतं ‘वाहक’ न म्हणता सौम्य हिमोफिलियाची रुग्णच धरतात.

तिची लक्षणं अशी: पाळी सात दिवसांहून जास्त चालणं, तासा-दीड तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी रक्तस्राव वाढणं, सतत रक्त कमी असणं. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच असं होतं’ असं घरातल्या बायका म्हणतात तेव्हा सगळ्यांचीच तपासणी करायला हवी. मुलग्याचं निदान झालं की आई, मावशी, बहीण यांची फॅक्टर पातळी मोजून घ्या, निदान त्यांचं कुठलंही ऑपरेशन ठरण्याआधी.

नात्यात लग्न केल्यामुळे होतो का?

नाही. हा आजार व्हायला आईवडील नात्यातले असावे लागत नाहीत. पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असेल तर थांबून विचार करा. समजा मुलाला हिमोफिलिया आहे आणि त्याच्या मामालाही. मामाची मुलगी नक्की वाहक. या दोघांचं लग्न झालं तर मुलग्यांना अर्धी शक्यता, आणि मुलींनाही पूर्ण आजार होण्याची अर्धी शक्यता, कारण दोन्ही बाजूंनी बिघडलेला एक्स येऊ शकतो. मामा निरोगी असेल तर त्याच्याकडून तिला तो मिळत नाही.

मी वाहक आहे की नाही हे कसं कळेल?

काही वेळा तपासणीशिवायच कळतं. वडिलांना हिमोफिलिया असेल तर तुम्ही वाहक. दोन मुलग्यांना असेल तरी बहुधा वाहक. बाकीच्यांना जनुकीय तपासणी लागते. नुसत्या फॅक्टर पातळीवर विसंबू नका, कारण कितीतरी वाहक बायकांची पातळी नॉर्मल येते.

आधी घरातल्या रुग्णाच्या रक्तात नेमका बदल शोधतात, मग तोच बदल बाईत आहे का पाहतात. म्हणून तपासणीला जाताना मुलाला किंवा मामाला बरोबर न्या. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हे काम अनेक वर्षं चालतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेजही या आजारासाठी नावाजलेलं आहे. हे सगळं गरोदर राहण्याआधी उरकलेलं बरं. चौथ्या महिन्यात धावाधाव सुरू केली की रिपोर्ट येईपर्यंत वेळ निघून जातो.

पोटातल्या बाळाची तपासणी कायद्यात बसते का?

बसते. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा लिंगाशी निगडित जनुकीय आजारांसाठी गर्भाची तपासणी करू देतो, पण फक्त नोंदणीकृत केंद्रात आणि ठरलेल्या कारणांसाठी. साधारण ११ ते १४ आठवड्यांत वारेचा नमुना घेतात, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. पुढे काय करायचं हा निर्णय त्या जोडप्याचा. समुपदेशन करणाऱ्याने माहिती द्यावी, कौल देऊ नये.

वाहक बाईचं बाळंतपण कुठे करावं?

रक्तपेढी आणि रक्तरोगाचा सल्ला हाताशी असेल अशा ठिकाणी. सिझेरियनच हवं असं नाही, पण चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढणं टाळायला हवं. बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. हे आधीच केसपेपरवर लिहून घ्या, कारण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरांना तुमची वंशावळ माहीत नसते. बाळाची तपासणी नाळेच्या रक्तातूनच करता येते. फॅक्टर ९ मात्र सगळ्याच नवजात बाळांत कमी असतं, म्हणून सौम्य बी प्रकाराची शंका असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात.

गरोदरपणात आईचं फॅक्टर ८ आपोआप वाढतं आणि बाळंतपणानंतर खाली येतं. फॅक्टर ९ फारसं वाढत नाही.

कान टोचणं, जावळ, लस, सुंता यांचं काय करायचं?

जावळ मशीनने काढा, वस्तरा नको. कान टोचणं निदान पक्कं होईपर्यंत पुढे ढकला, नंतरही डॉक्टरांना विचारूनच. कमी असलेलं फॅक्टर शिरेतून दिल्याशिवाय सुंता करू नये. कित्येक घरांत निदानच सुंतेनंतर न थांबलेल्या रक्तामुळे झालेलं असतं.

लसी सगळ्या द्यायच्या. एकही चुकवू नका, कावीळ बीची तर मुळीच नाही. नर्सला आजार सांगा, बारीक सुई वापरायला सांगा, आणि टोचल्यावर जागा न चोळता दहा मिनिटं दाबून धरा.

बाळ रांगायला लागल्यापासून अंगावर निळे डाग दिसतात. काय तपासायचं?

छातीवर, पाठीवर, काखेत धरून उचलतो तिथे गाठीसारखे डाग उठत असतील, ओठाच्या आतला पडदा फाटून रक्त दिवसभर झिरपत असेल, तर तपासा. आधी प्लेटलेट, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या पीटी आणि एपीटीटी या तपासण्या. हिमोफिलियात पहिल्या दोन नॉर्मल असतात आणि एपीटीटी लांबलेला. मग फॅक्टर ८ आणि ९ ची पातळी. सौम्य प्रकारात एपीटीटीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून शंका दाट असेल तर तिथेच थांबू नका. व्हॉन विलेब्रँड नावाचा आजारही असाच दिसतो, तो मुलामुलींना सारखाच होतो आणि उपचार वेगळे.

या मुलांच्या अंगावरचे डाग पाहून शेजारीपाजारी आईबाप मारतात असा संशय घेतात. निदानाचा कागद जवळ असला की तो प्रश्न सुटतो.

सांध्यात रक्त उतरतंय हे कसं ओळखायचं?

या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

सूज दिसायच्या आधी मुलाला कळतं. सांध्यात मुंग्या, गरमपणा, आत काहीतरी भरतंय अशी भावना. मोठी मुलं सरळ सांगतात, ‘आये, सुरू झालं.’ लहान मूल सांगू शकत नाही. ते पाय टेकत नाही, एक हात वापरायचं टाळतं, उगाच किरकिर करतं. फॅक्टर द्यायची वेळ ही आहे. तासाभरात, फार तर दोन तासांत. सूज वर आली, कातडी ताणून चकचकीत झाली, मूल रात्रभर रडलं, आणि मग सकाळी गाडी काढली, तर तोपर्यंत सांध्यात रक्त भरून गेलेलं असतं.

त्या रक्तातलं लोह सांध्याच्या आतल्या आवरणाला चिडवतं. आवरण जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पुन्हा सहज फुटून रक्त येतं. तोच गुडघा सारखा सुजायला लागतो. मग कूर्चा झिजते आणि विशीतल्या मुलाचा गुडघा सत्तरीतल्या माणसासारखा वागतो. आज ज्या रुग्णांचे गुडघे आखडलेले दिसतात त्यांतल्या बहुतेकांना वेळेवर फॅक्टर मिळालेलं नव्हतं, किंवा ‘शाळा चुकवायला नाटक करतोय’ असं म्हणून त्यांना घरी बसवलं गेलं होतं. मुलाने दहा वेळा सांगितलं आणि त्यातलं एखाददुसऱ्या वेळी काही निघालं नाही, तरी चालेल. त्याच्यावर विश्वास ठेवा.

फॅक्टर मिळेपर्यंत सांधा स्थिर ठेवा, उंचावर ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, क्रेप बँडेज सैलसर बांधा. मालीश नाही, शेक नाही. हाडवैद्याकडे तर अजिबात नेऊ नका. पाय ‘सरळ करून’ घेण्याच्या नादात आत आणखी रक्त होतं. दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपी मात्र सोडू नका. ती कंटाळवाणी असते म्हणून पहिली तीच सुटते.

कशासाठी रात्री-अपरात्री लगेच निघायचं?

डोक्याला मार, मग मूल हसत-खेळत असलं तरी. डोकेदुखी, उलटी, सुस्ती. मानेवर किंवा घशात सूज. काळी शौच, रक्ताची उलटी. जांघेत दुखणं आणि मांडी सरळ न करता येणं. हा कमरेच्या आतल्या मोठ्या स्नायूतला रक्तस्राव असतो आणि उजवीकडे असेल तर अपेंडिक्स समजून थेट ऑपरेशन टेबलावर घेतात. १०८ ला फोन करा आणि पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य ‘हिमोफिलिया आहे’ हेच बोला. डोक्याच्या बाबतीत नियम साधा आहे: आधी फॅक्टर, मग स्कॅन.

कोणती औषधं चालत नाहीत?

ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल. पावसाळ्यात डेंगीची साथ आली की ही गोष्ट दुप्पट लक्षात ठेवा. लसींचं वर सांगितलं आहे, पण एरवी दंडात किंवा कुल्ल्यावर स्नायूतलं इंजेक्शन घेऊ नका. ‘एक सुई मारा, बरं वाटेल’ ही आपली सवय इथे महागात पडते. लघवीतून रक्त येत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गाठ टिकवून धरणारं औषध) स्वतःहून देऊ नका, आत गाठ अडकू शकते. तोंडातल्या रक्तस्रावाला तेच औषध छान काम करतं.

कोकम, अननस, लसूण खाल्ल्याने रक्त पातळ होऊन हिमोफिलिया बिघडतो का, असंही विचारतात. जेवणातल्या प्रमाणात काही होत नाही. सोलकढी खुशाल प्या.

फॅक्टर किती लागतं?

एका किलो वजनामागे १ युनिट फॅक्टर ८ दिलं की पातळी साधारण २ टक्के वाढते. फॅक्टर ९ ची साधारण १ टक्का. २० किलोच्या मुलाची पातळी सांध्यासाठी ४० टक्क्यांपर्यंत न्यायची तर फॅक्टर ८ चे ४०० युनिट किंवा फॅक्टर ९ चे ८०० युनिट लागतील. हा हिशेब डॉक्टरांचा, पण तुम्हालाही समजलेला असावा, म्हणजे ‘अर्धी बाटली उद्याला ठेवू’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही बोलू शकता. फॅक्टर ८ शरीरात ८ ते १२ तासांत अर्ध्यावर येतं, फॅक्टर ९ सुमारे १८ ते २४ तासांत. म्हणूनच पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

रक्तस्राव झाल्यावर देण्यापेक्षा आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आधीच देत राहणं चांगलं, आणि ते मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत सुरू झालेलं उत्तम. फॅक्टर मिळालंच नाही तर ए साठी क्रायोप्रेसिपिटेट आणि बी साठी प्लाझ्मा, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळे काढलेले घटक, हा जुना मार्ग उरतो. क्रायोत फॅक्टर ९ नसतं, त्यामुळे बी च्या रुग्णाला ते देऊन उपयोग नाही.

गोव्यात कुठे जायचं?

निदानासाठी आणि नाव नोंदवायला बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय). काणकोण, सत्तरी, पेडणे इथून दर वेळी बांबोळी गाठणं म्हणजे दिवस मोडला, हे खरं. म्हणून आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात, म्हापशाला किंवा मडगावला, फॅक्टरचा साठा असतो का, रात्री कोण देतं, कुठला कागद लागतो, हे सगळं ठणठणीत असताना एकदा जाऊन विचारून या.

फॅक्टर घरी ठेवता येतं का?

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि शिरेत द्यायला शिकवलं तर येतं. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, दाराच्या कप्प्यात नव्हे आणि फ्रीझरमध्ये तर कधीच नाही. गोठलं की वाया गेलं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते ती कधी कधी रात्रभर. बर्फाचा डबा तयार ठेवा, पण बाटली थेट बर्फावर ठेवू नका. काही कंपन्यांचं फॅक्टर ठरावीक काळ ३० अंशांपर्यंत बाहेर चालतं. खोक्यावर लिहिलेलं असतं. देताना बाटली हलवून फेस काढायचा नाही, हळू गोल फिरवायची. बॅच क्रमांक वहीत लिहा.

बी प्रकारात सुरुवातीचे दहा-वीस डोस हॉस्पिटलातच घ्या. काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते.

फॅक्टर देऊनही रक्त थांबत नाही, असं का?

शरीराने फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असतील. त्यांना इनहिबिटर म्हणतात. तीव्र ए प्रकारात २० ते ३० टक्के रुग्णांत हे होतं, बी मध्ये फारच कमी. रक्ताची तपासणी करून कळतं. मग वेगळी औषधं लागतात आणि ती महाग असतात.

कातडीखाली घ्यायचं नवं इंजेक्शन आलंय म्हणतात?

एमिसिझुमॅब. फक्त ए प्रकारासाठी, इनहिबिटर असो वा नसो. फॅक्टर ८ चं काम ते दुसऱ्या वाटेने करतं. आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं. शीर शोधायची कटकट नाही, लहान मुलांसाठी हा फरक मोठा आहे.

दोन गोष्टी विसरू नका. हे रक्तस्राव टाळण्यासाठी आहे, सुरू झालेला थांबवायला नाही. आणि ते घेत असताना एपीटीटी नॉर्मल दिसतो, त्यामुळे दुसऱ्या हॉस्पिटलातला डॉक्टर रिपोर्ट पाहून ‘याला हिमोफिलिया नाहीच’ असं म्हणू शकतो. औषधाचं नाव लिहिलेलं कार्ड खिशात हवं.

जीन थेरपीने कायमचा बरा होतो का?

जीन थेरपी म्हणजे शरीरात चांगलं जनुक सोडणं. परदेशात ए आणि बी दोन्हींसाठी अशा उपचारांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. वेल्लोरला तीव्र ए असलेल्या पाच जणांवर वेगळ्या पद्धतीने केलेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि देखरेखीच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. तरी हे आज आपल्या मुलाला जाऊन घेता येईल असं औषध अजून झालेलं नाही. आणि एक गोष्ट लोक गृहीत धरतात ती चुकीची आहे: हा उपचार बीजपेशी बदलत नाही. बाप बरा झाला तरी त्याच्या मुली वाहकच.

फुटबॉल?

गोव्यात हा प्रश्न टळत नाही. तीव्र प्रकारात नियमित उपचार चालू नसताना मैदानावरचा फुटबॉल नको. पोहणं सगळ्यांत उत्तम. स्नायू बळकट असले की सांधे वाचतात. सायकल हेल्मेट घालून. पण सांजावाच्या सणाला काठावरून विहिरीत उडी मारणं म्हणजे पोहणं नव्हे, आणि माशेलच्या चिखलकाल्यातली झोंबाझोंबी काठावरूनच बघावी. शिगम्यात ढोल वाजवायला हरकत नाही, खांदा दुखला तर उतरवून ठेवावा. सगळ्याला नाही म्हणत घरात कोंडलेलं मूल लठ्ठ होतं आणि मग वजनानेच गुडघे जातात.

शाळेत सांगावं का?

सांगावं. वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक या दोघांना, लेखी. हा आजार संसर्गजन्य नाही हेही लिहा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हिमोफिलिया आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. टक्केवारी ४० किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. समाजकल्याण खात्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचीही चौकशी करा. काही पालक ‘मुलावर शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्र टाळतात. दहावीनंतर प्रवेशाच्या वेळी त्याच पालकांची धावपळ होते.

दात काढायचा आहे.

दंतवैद्य आणि रक्ताच्या डॉक्टरांचं आधी फोनवर बोलणं झालं पाहिजे. फॅक्टर आधी, दात नंतर. रोज घासले तर ही वेळ कमी येते. रक्त येईल म्हणून ब्रशच न लावणाऱ्यांच्या हिरड्या सुजून जास्त रक्त येतं.

मुंबईला किंवा गावी जाताना बरोबर काय न्यायचं?

निदानाचा कागद आणि त्याची फोटोप्रत, फॅक्टर किंवा चालू औषध थंड डब्यात, सुया-सिरिंज, पॅरासिटामॉल, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, क्रेप बँडेज. जिथे उतरणार तिथल्या हिमोफिलिया केंद्राचा पत्ता आधी काढून ठेवा. उपचारासाठी जात असाल तर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत आहे. त्याचा ठरलेला फॉर्म डॉक्टरांकडून भरून, शिक्का मारून घ्यावा लागतो, म्हणून तो तिकीट काढायच्या आधी मागा.